किडे दिसता कामा नयेत

आमच्या संस्थेत मला तोंडावर मॅडम म्हणतात आणि पाठीमागे मावाबाई. मला त्याचं काही वाटत नाही. मावा म्हणजे पिकाच्या कोवळ्या शेंड्यांवर दाटीवाटीने बसून रस पिणारी बारीक हिरवी कीड, आणि मी उभा जन्म तिच्याकडे बघण्यात घालवला. आमच्या बैठकांना बसणाऱ्या मंडळींकडे बघण्यापेक्षा ते कितीतरी बरं. मावा जे खातो ते निदान उघड्यावर बसून खातो.

संस्थेत आणखी एकाला टोपणनाव आहे. होयबा. हा शेत अधीक्षक. कुठल्या तुकड्यात नांगर कधी घालायचा, पाणी कधी सोडायचं, मजूर कुठे लावायचे, हे सगळं हा बघतो. संचालक “करा” म्हणाले की हा म्हणतो “होय साहेब”. संचालक “नका करू” म्हणाले तरी हा म्हणतो “होय साहेब”. एकदा संचालकांना नुसती शिंक आली, तेव्हाही हा “होय साहेब” म्हणाला, असं कॅन्टीनमध्ये सांगतात. मी तिथे नव्हते, पण माझा विश्वास आहे. कारण हा होयबा माझा नवरा आहे. कॉलेजात आम्ही एका वर्गात होतो. तेव्हाही प्राध्यापकांनी प्रश्न विचारला की उत्तर न देता हा मान हलवायचा. मला वाटलं, किती शांत मुलगा आहे. प्रेम आंधळं असतं म्हणतात ना, त्यातला प्रकार.

तर गोष्ट माझ्या तुकड्याची. संस्थेच्या मागच्या कुंपणाला लागून एक लांबट तुकडा आहे. तिथे मी वाटाणा लावते, त्याला चढायला मध्ये मध्ये ओट, कडेने मोहरी, आणि बांधावरची कोथिंबीर मुद्दाम फुलू देते. दहा वर्षं तिथे औषधाचा थेंब पडला नव्हता. मावा आला तर येऊ द्यायचा. मावा आला की त्याला खाणारे ढालकिडे येतात, ते लाल पाठीचे, काळ्या ठिपक्यांचे. कोथिंबिरीच्या फुलांवर अगदी बारीक माश्या येतात आणि माव्याच्या पोटात अंडी घालतात. मग मावा फुगतो, तपकिरी होतो आणि पानाला चिकटून तिथेच मरतो. पहिली चार वर्षं माव्याने वाटाणा फस्त केला आणि अख्खी संस्था मला हसली. मग हळूहळू खाणारे वाढले. आता मावा येतो, थोडं खातो, आणि खाल्ला जातो. यालाच ॲग्रोइकॉलॉजी म्हणतात. शेतात कोण कोणाला खातं, कोण कोणाच्या आधाराने राहतं, हे आधी नीट बघायचं आणि मग त्यात आपलं पीक बसवायचं. त्याला मोठी यंत्रं लागत नाहीत, डोळे लागतात आणि बूड टेकून बसायची तयारी लागते. नेमकी तीच आमच्याकडे कोणाची नसते.

हा माझा शेवटचा हंगाम होता. उन्हाळ्याच्या आधी मी निवृत्त होणार. शेंगा भरल्या की शेवटची मोजणी करायची, आणि मग कोणापुढेही छातीठोकपणे म्हणता आलं असतं की हे बघा, औषधाशिवाय शेत स्वतःला सांभाळतं, सलग दहा वर्षं. मध्ये एकदा जरी फवारलं तरी सगळं मुसळ केरात. मग कोणीही म्हणणार, बाई, तुमची कीड माश्यांनी नाही मारली, औषधाने मारली. आणि त्याचं म्हणणं बरोबर असणार.

संचालकांना या तुकड्याशी काही देणंघेणं नव्हतं. “मॅडमचं रान” म्हणायचे. कोणी पाहुणे आले की त्यांना पलीकडच्या रस्त्याने न्यायचे. मग मागे कधीतरी हे गृहस्थ एका परिषदेला गेले आणि तिथून एक शब्द घेऊन आले. तेव्हापासून दर दुसऱ्या वाक्यात ॲग्रोइकॉलॉजी. कॅन्टीनचे कागदी कप बदलले ते ॲग्रोइकॉलॉजी. गाड्या लावायची जागा बदलली तीही ॲग्रोइकॉलॉजी. प्रवेशद्वारावर मोठी पाटी लागली, “शाश्वत अन्नव्यवस्थांकडे”. त्या पाटीखालच्या हिरवळीवर माळी दर सोमवारी तणनाशक मारायचा. मी विचारलं तर संचालक म्हणाले, “मॅडम, तो बागेचा विषय आहे, संशोधनाचा नाही.” आता यावर काय बोलणार! मी कपाळाला हात लावला आणि माझ्या रानात गेले.

आणि एक दिवस कळलं की पाहुणे मंडळ येतंय. अशा संशोधनाला जगभर मदत करणारी मंडळी. त्यांना पटलं तर आमच्याकडे ॲग्रोइकॉलॉजीचं स्वतंत्र केंद्र निघणार आणि त्या केंद्राचेही संचालक आमचे संचालकच होणार. एका माणसाला एकाच आवारात दोनदा संचालक होता येतं हे मला तेव्हा कळलं. अडचण एवढीच होती की अख्ख्या संस्थेत दाखवण्यासारखी जागा एकच, आणि ती म्हणजे मॅडमचं रान. गरज पडली की गाढवाचेही पाय धरावे लागतात. संचालक पहिल्यांदाच माझ्या बांधावर आले. चकचकीत बूट घालून, आणि मागे होयबा.

वाकून बघितलं आणि दचकले. “अहो मॅडम, हे काय?”

“मावा.”

“म्हणजे कीड?”

“हो.”

“एवढी?”

“साहेब, पान उलटं करून बघा,” मी म्हणाले. “ही करडी अळी दिसते ना, ती ढालकिड्याची. दिवसभर मावाच खाते. आणि हे तपकिरी फुगलेले दाणे दिसतात, ते मेलेले मावे. आठवडाभरात बघा, निम्मे असे होतील.”

संचालकांनी तोंड असं केलं की जणू मी ती अळी त्यांच्या ताटात वाढली होती. “म्हणजे पाहुण्यांना आपण किडे दाखवायचे?”

“किडे हाच प्रयोग आहे, साहेब. किडे नसतील तर इथे दाखवायला आहे काय? नुसता वाटाणा बाजारातही मिळतो.”

“तसं नाही हो. पण जरा स्वच्छ दिसायला नको का? घरी पाहुणे येणार असले की तुम्ही घर आवरता की नाही?”

“आवरते. पण घरातली माणसं मारून नाही टाकत.”

मागे माझा नवरा खोकला. त्याला हसू आलं होतं की घाम फुटला होता, देव जाणे. संचालक रुमालाने बूट झटकत म्हणाले, “बरं, बघू.” आणि निघून गेले.

त्यानंतर दोनच दिवसांत मला एका चर्चासत्राला पाठवायचं ठरलं. विषय: शाश्वत अन्नव्यवस्था आणि संशोधन संस्थांची जबाबदारी. संचालक म्हणाले, “मॅडम, तुमच्याशिवाय आहे कोण?” इतक्या वर्षांत या माणसाने मला समोरच्या गल्लीत पाठवलं नव्हतं. मला तिथेच कळायला हवं होतं. पण स्तुती कोणाला कडू लागते? गेले मी. तिथे थंडगार सभागृहात बसून लोकांनी जमिनीच्या आरोग्यावर बोलायचं आणि बाहेर यायचं ते थेट जेवणाच्या रांगेत. एका विद्वानाने तर शेतकऱ्यांना निसर्गाशी संवाद साधायला सांगितलं. मी शेजारणीला विचारलं, हे स्वतः कशाशी संवाद साधतात? ती म्हणाली, माईकशी.

पाहुणे यायच्या आदल्या संध्याकाळी मी परत आले. आम्ही संस्थेच्या वसाहतीतच राहतो, मी, नवरा आणि माझी नणंद. वन्सं रुग्णालयात परिचारिका होत्या, आता घरी असतात आणि सवयीने आम्हालाच रुग्ण समजतात. दार उघडलं तर नवऱ्याने माझी बॅग उचलून आत नेली. चहा केला. त्यात साखर बरोबर होती. मी म्हटलं, “काय रे, काय झालं?”

“कुठे काय? दमली असशील. पड जरा.”

वन्सं स्वयंपाकघरातून म्हणाल्या, “वहिनी, दादाचं काहीतरी बिनसलंय. कालपासून धड जेवत नाहीये. ताप बघितला, तर तोही नाही.”

“साहेबांची मर्जी खप्पा झाली असेल,” मी म्हणाले आणि झोपले. प्रवासाने अंग मोडून आलं होतं.

सकाळी उठल्याबरोबर भिंग घेऊन रानात गेले. बांधापाशी पोचायच्या आधीच वास आला. तो वास मला झोपेतही ओळखता येतो. मी पहिलं पान उलटं केलं. स्वच्छ. दुसरं केलं. स्वच्छ. शेंडे, शेंगा, देठ, सगळं पुसून काढल्यासारखं. मग खाली बघितलं. ढालकिडे पाय वर करून मातीत पडले होते. काहींचे पाय अजून हलत होते. कोथिंबिरीची फुलं उभी होती आणि त्यांच्यावर कोणी नव्हतं. बारीक माश्या मरून कुठे पडल्या ते भिंगातूनही दिसत नाही, इतक्या त्या लहान. मी तिथेच सरीत बसले आणि मला रडू कोसळलं. साठीला आलेली बाई किड्यांसाठी मातीत बसून रडत होती. हसा खुशाल.

मागे पावलं वाजली. वळून न बघता मी विचारलं, “कोणी?”

“साहेबांनी सांगितलं,” नवरा म्हणाला.

“कोणी सांगितलं ते नाही विचारलं. कोणी मारलं?”

“मी. पंप मीच पाठीला लावला. मजुरांना नाही लावलं. म्हटलं, हे त्यांच्या हातून नको.”

“वा! काय मोठं मन! स्वतःच्या हाताने बायकोचा गळा कापला, परक्याला हात लावू दिला नाही!”

तो म्हणाला, “ते म्हणाले, औषध हलकं आहे. म्हणाले, मॅडमना मी सांगतो.”

“आणि तू? तुला तोंड नव्हतं? फोन नव्हता?”

“ते म्हणाले ना, मी सांगतो.”

“अरे, दहा वर्षं तू या तुकड्याला पाणी दिलंस. एकदा फवारलं की काय होतं, तुला माहीत नव्हतं?”

“होतं.”

“मग?”

त्याने नुसती मान हलवली, कॉलेजात हलवायचा तशी. मी पदराने तोंड पुसलं आणि तशीच मातीच्या पायांनी संचालकांच्या खोलीत गेले.

संचालक आरशापुढे टाय बांधत होते. टायवर हिरवी पानं होती. मी म्हणाले, “साहेब, मी पाहुण्यांना सगळं सांगणार आहे.”

“बसा मॅडम. शांत व्हा,” ते म्हणाले. “जरा दूरचं बघा. केंद्र झालं की तुम्हाला सल्लागार म्हणून ठेवतो. पाहिजे तेवढे तुकडे घ्या, पाहिजे तेवढे किडे पाळा.”

“मला किडे पाळायचे नव्हते. दहा वर्षं मोडायची नव्हती. ती तुम्ही मोडलीत.”

“मी?” त्यांनी टायची गाठ वर सरकवली. “मी तर ‘तुकडा नीटनेटका ठेवा’ एवढंच म्हणालो. फवारा शेत अधीक्षकांनी मारला. आता तुम्ही बोललात तर चौकशी होणार. आणि चौकशी झाली तर ती कोणाची होणार? त्यांचीही निवृत्ती जवळच आहे ना? या वयात ठपका बरा दिसत नाही हो.”

हे त्यांनी इतक्या मायेने सांगितलं की क्षणभर मला वाटलं ते आता माझ्या डोक्यावरून हात फिरवतील. चोर तो चोर वर शिरजोर. मी दात खात बाहेर आले. नवऱ्याचा राग इतका आला होता की त्याला स्वतः चौकशीपुढे उभं करावंसं वाटत होतं. पण ते मी करायचं, या हलकटाने नाही. तो माझा नवरा आहे, त्याला शिव्या द्यायचा हक्क माझा आहे. मी ठरवलं की बोलायचं. कसं, कुठे, ते कळत नव्हतं, पण त्याचं नाव न येता बोलायचं. आणि तसं वाक्य मला काही केल्या जुळेना.

सभागृहात पाहुणे आले. मंडळाच्या अध्यक्षा सत्तरीच्या, ठेंगण्या, हातात काठी आणि पायात सपाट चपला. पहिल्या रांगेत बसल्या आणि त्यांनी पाण्याची बाटली बाजूला सारली. संचालकांनी पडद्यावर माझ्या तुकड्याचा फोटो दाखवला, त्या सकाळचाच. हिरवागार, चकाचक. “एक थेंबही औषध न मारता,” ते म्हणाले, “आज या तुकड्यात कीड आहे शून्य. निव्वळ शून्य!” टाळ्या झाल्या. माईक माझ्यापासून चार खुर्च्या लांब ठेवला होता.

अध्यक्षांनी हात वर केला. “एकही कीड नाही?”

“एकही नाही.”

“मग कीड खाणारे कशावर जगतात?”

संचालकांनी टायची गाठ चाचपली. “ते... त्यांचं काम झालं, मॅडम. ते निघून गेले.”

“कुठे?”

“इतर शेतांवर. लोकांच्या मदतीला.”

मला हसू आलं आणि त्याच वेळी कोणाचं तरी थोबाड फोडावंसं वाटलं. लोकांच्या मदतीला! जसे काही माझे ढालकिडे पिशवी खांद्याला लावून दौऱ्यावर गेले होते. अध्यक्षा काठी टेकत उठल्या आणि म्हणाल्या, “चला, बघू या तुकडा.”

रानात सगळी वरात आली. पुढे फोटो काढणारा, मग संचालक, अध्यक्षा, मंडळातले दोघं, संस्थेतली झाडून सगळी मंडळी. माझा नवरा पाण्याच्या चावीपाशी उभा होता, इस्त्रीचा शर्ट घालून. मी मुद्दाम अध्यक्षांच्या शेजारी सरकले. आता बोलायचं, असं मनात म्हणत होते.

पण आधी त्याच बोलल्या. “किती दिवसांनी असा वाटाणा बघतेय! लहानपणी आम्ही सालीसकट खायचो. आता फवाऱ्याच्या भीतीने तोडून तोंडात टाकायची सोय राहिली नाही. इथे तर काही हरकत नाही ना?” आणि त्यांनी वाकून एक कोवळी शेंग तोडली. मी “थांबा” म्हणणार तेवढ्यात त्यांनी ती संचालकांपुढे धरली. “आधी यजमान. शेत तुमचं आहे.”

संचालकांच्या हातात शेंग आली. सगळ्यांचे डोळे त्यांच्यावर, कॅमेरा त्यांच्यावर. मला वाटलं, आता बोलेल. एवढं तरी करेल. माणूस कितीही नालायक असला तरी जीवाला भितोच. पण आमच्या संचालकांना कमी लेखून चालत नाही. त्यांनी शेंगेकडे बघितलं, चेहऱ्यावर हसू आणलं आणि वळून म्हणाले, “छे छे, पहिला मान राबणाऱ्याचा! या, या, अधीक्षक. हे आमचे शेत अधीक्षक. यांनीच हा तुकडा वाढवला. घ्या, खा.” आणि ती शेंग माझ्या नवऱ्याच्या हातात ठेवली.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. किती मोठ्या मनाचे संचालक! मी त्याच्याकडे निघाले, पण मध्ये फोटो काढणारा होता. आणि माझ्या नवऱ्याने, त्या बैलोबाने, ज्याने स्वतःच्या पाठीवर पंप घेऊन ते औषध मारलं होतं, त्याने शेंगेचा देठ अंगठ्याने मोडला आणि शेंग तोंडात टाकली. एकदा चावली. दोनदा चावली. मग त्याचा जबडा थांबला. डोळे मोठे झाले.

“छान! आता मी,” असं म्हणत अध्यक्षांनी दुसरी शेंग तोडली आणि तोंडाकडे नेली. माझ्या नवऱ्याने झेप घेऊन त्यांचं मनगट धरलं. सत्तर वर्षांच्या पाहुणीचं मनगट, सगळ्या संस्थेसमोर. काठी खाली पडली. तो भरल्या तोंडाने म्हणाला, “तुम्ही नका खाऊ. परवा फवारलंय. मीच फवारलंय.”

रानात चिटपाखराचाही आवाज नव्हता, म्हणजे खरोखरच नव्हता, सगळी मेली होती. संचालक मोठ्याने हसले. “गंमत करतात हो! फार विनोदी आहेत आमचे अधीक्षक. काय हो, गंमत ना?” नवऱ्याने त्यांच्याकडे बघितलंच नाही. तो बांधावर वाकून थुंकत होता, खोकत होता आणि माझ्याकडे बघत होता. एवढा गरीब चेहरा मी कधी बघितला नव्हता.

मग मात्र मला वाक्य शोधावं लागलं नाही. “गंमत नाही,” मी म्हणाले. “किडे दिसले तर पाहुण्यांना आवडणार नाही म्हणून संचालकांनी फवारा मारायला लावला. माझ्या पाठीमागे. मला शाश्वत शेतीवर भाषण करायला बाहेर पाठवलं आणि इथे हे उरकलं. तुम्हाला दाखवायचं होतं ते खाली मातीत मेलेलं पडलंय. तुम्ही त्याच्यावरच उभ्या आहात.”

अध्यक्षांनी खाली बघितलं. मी काठी उचलून दिली. त्यांनी काठीच्या टोकाने एक लाल ढालकिडा उलटा केला. संचालक काहीतरी बोलत होते, एकात्मिक, मर्यादित, अपवादात्मक, असले शब्द माझ्या कानावर येत होते. अध्यक्षांनी त्यांच्याकडे पाठ केली आणि मला विचारलं, “पुन्हा असं शेत उभं राहायला किती वर्षं लागतील?”

“लागली तेवढीच. दहा.”

“आणि तुम्ही?”

“मी तीन महिन्यांनी घरी.”

त्यांनी मान हलवली. हातातली शेंग त्यांनी हळूच बांधावर ठेवली, फेकली नाही, आणि हात धुवायला पाणी मागितलं. मंडळ जेवायला थांबलं नाही. संचालक गाडीच्या काचेपर्यंत धावले. केंद्र निघणार नाही हे त्यांना संध्याकाळी कळलं आणि नवऱ्याला चौकशीची नोटीस त्याच्याही आधी मिळाली. विषय होता “प्रयोगक्षेत्रात विनापरवाना फवारणी”. संचालकांच्या कामाला उशीर म्हणून ठाऊक नाही.

घरी वन्संनी नवऱ्याला मोरीपाशी बसवून पंधरा वेळा चूळ भरायला लावली होती. डॉक्टरांना फोन केला होता. एका शेंगेने काही होत नाही, मळमळलं तर कळवा, असं डॉक्टर म्हणाले. वन्संना ते अजिबात पटलं नव्हतं. “दादा, तुला अक्कल कधी येणार? त्या मेल्याने विष दिलं तरी होय साहेब म्हणून खाशील तू!” त्या बडबडत दूध गरम करायला गेल्या.

मी त्याच्यासमोर स्टूल ओढून बसले. दिवसभर साठवलेलं सगळं ओठांवर आलं होतं. “वन्सं बरोबर बोलल्या. फवार म्हणाले, फवारलंस. खा म्हणाले, खाल्लंस. उद्या विहिरीत उडी मार म्हणाले तर काठ तरी बघशील का रे?”

टॉवेलने तोंड पुसत तो म्हणाला, “फवारलं ते साहेबांनी सांगितलं म्हणून. ते चुकलं माझं. पण खाल्लं ते त्यांनी सांगितलं म्हणून नाही.”

“मग कशासाठी? प्रायश्चित्त घेत होतास?”

“नाही गं. विसरलो.”

“काय विसरलास?”

“फवारलेलं.” तो खाली बघत होता. “हातात शेंग आली आणि हात आपोआप तोंडाकडे गेला. रोज पाणी सोडायला जातो ना, तेव्हा चावीपाशी बसून खातो मी. कडेच्या ओळीतल्या. पहिल्यापासून. दुसऱ्या तुकड्यांतलं मी कधी तोंडात घालत नाही, तिथे काय काय मारतात मला माहीत आहे. तुझंच तेवढं खातो. तोंडात कडू लागलं तेव्हा आठवलं.”

माझ्या मोजणीत दर वर्षी कडेच्या ओळीत शेंगा कमी भरायच्या. मी त्या पक्ष्यांच्या नावावर टाकत आले. त्यावर एकदा निबंधही वाचला होता, लोकांनी प्रश्न विचारले होते. दहा वर्षं मी भिंग लावून कोण कोणाला खातं ते बघत बसले आणि हा गाढव पाण्याच्या चावीपाशी बसून माझे वाटाणे खात होता. मला त्याला बुकलून काढावंसं वाटलं. पण डोळ्यांना पाणी आलं, आणि ते त्याला दिसू नये म्हणून मी उगाच टॉवेल ओढून घेतला.

वन्संनी दूध आणून ठेवलं. त्याने पेला हातात घेतला, पण प्यायला नाही.

“या हंगामातलं आता खाता येणार नाही ना?” त्याने विचारलं.

“नाही.”

“आणि पुढच्या?”

“पुढच्या हंगामात मी तिथे नसेन,” मी म्हणाले. “दूध पी.”